तपासले, ठीक आहे

हसतमुखाने. हा शब्द मी स्वतः पास केला होता. मंगळवारी, दोन पत्रकांच्या मध्ये, लाल पेनाने खाली बारीक अक्षरात ‘तपासले, ठीक आहे’ असं लिहून, सही करून, तारीख घालून. आणि आज गोदामातल्या बाईंनी माझ्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यातली पहिली पत्रिका काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या टेबलापाशी उभं राहून सगळ्या खात्याला ऐकू जाईल अशी वाचली. वाचली म्हणजे माणसं वाचतात तशी. आवाज चढवत, उतरवत, मध्ये जरा गहिवरत. ‘स्वतःच्या संसाराचा हसतमुखाने त्याग केला’ इथे त्या थांबल्या आणि माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं शवपेटीत ठेवलेल्या माणसाकडे बघतात. मग म्हणाल्या, “तुम्ही कधी बोलला नाहीत हो हे. इतकी वर्षं डब्याला शेजारी बसतोय आपण.” पलीकडच्या टेबलावरचा कोणीतरी म्हणाला, “मोठेपणा याला म्हणतात.” मी हात पुढे केला आणि पत्रिका परत घेतली. माझं तोंड गरम झालं होतं, कानांच्या पाळ्यासुद्धा. त्यांना वाटलं, लाजले.

पत्रिका अशी आहे:

*जिने धाकट्या भावाला आईच्या मायेने वाढवले, त्याच्या भवितव्यासाठी स्वतःच्या संसाराचा हसतमुखाने त्याग केला, त्या आमच्या लाडक्या ताईच्या आयुष्यात उशिरा का होईना उमललेला हा आनंद आम्ही उभयतां कृतज्ञतेने साजरा करीत आहोत. या सोहळ्यास आपण अगत्य यावे.*

खाली भावाचं आणि भावजयीचं नाव ठळक अक्षरात, त्याच्या पदव्यांसकट. त्याखाली बारीक टाइपात माझं नाव, आणि माझ्या नावाला लागून, जागा उरली म्हणून बसवल्यासारखं, ज्याच्याशी माझं लग्न आहे त्याचं. मग तारीख, वेळ, सभागृहाचा पत्ता, फोन. कागद जाड, फिक्या मोतिया रंगाचा. एकही चूक नाही. शोधा म्हणावं कुणालाही.

आमचं काम हेच आहे. औषधाच्या खोक्यात घडी घालून जो पातळ कागद असतो, जो तुम्ही फेकून देता, त्यावरचा शब्द न् शब्द आम्ही तपासतो. दोघं समोरासमोर बसतात. एकजण मूळ कागद मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसकट, आणि दुसरा छापील कागदावर बोट सरकवत जातो. ‘तीव्र पोटदुखी स्वल्पविराम मळमळ स्वल्पविराम अंगावर पुरळ पूर्णविराम.’ मग कागदांची अदलाबदल करून पुन्हा. पहिल्या दिवशी मला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, वाचू नकोस, नुसतं बघ. अर्थ लागायला लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते. मी ते इतकं मनावर घेतलं की दोन वर्षांत मला अर्थ लागेनासा झाला. ‘मृत्यू ओढवू शकतो’ या तीन शब्दांत मला एक ऋकार आणि दोन दीर्घ ऊकार दिसायचे. अकरा वर्षांपूर्वी माझ्या समोरच्या खुर्चीवर एक नवा माणूस आला. बायको गेलेली, शर्टाची वरची गुंडी लावलेली. तो ‘स्वल्पविराम’ असा शब्द उच्चारायचा आणि वर थोडा थांबायचासुद्धा. खात्यात त्याचं नावच पडलं स्वल्पविराम. अकरा वर्षं आम्ही एकमेकांना दुष्परिणाम वाचून दाखवले. लोकांना हसू येतं. आम्हालाही यायचं. एके दिवशी खोकल्याच्या औषधाच्या पत्रकात ‘पुढील परिस्थितीत टाळावे’ इथपर्यंत वाचून तो थांबला आणि त्याच सुरात म्हणाला, “लग्न करूया का प्रश्नचिन्ह.” मी बोट होतं तिथेच ठेवलं आणि म्हटलं, “मूळ कागदात नाही हे.” तो म्हणाला, “भर घालायची आहे.” हे सगळं आमचं होतं. आमच्या दोघांचं, त्या टेबलाचं. त्याग वगैरे त्यात कुठे नव्हता.

आणि मग मंगळवारी भावाने मजकूर पाठवला. ताई, तूच बघ, तुझ्याइतकं बारीक कोण बघणार. मी स्वल्पविरामच्या पुढ्यात कागद सरकवला, म्हटलं, हे घेऊया मध्ये, पाच मिनिटं लागतील. तो वाचत गेला. जिने, धाकट्या, भावाला. मी बोट सरकवत गेले. ‘कृतज्ञतेने’मधला ऋकार तुटला होता तो सांधला. सभागृहाच्या फोनचा एक आकडा गळला होता तो घातला. अदलाबदल करून पुन्हा वाचलं. म्हणजे ‘हसतमुखाने त्याग केला’ हे एकदा त्याने मला वाचून दाखवलं आणि एकदा मी त्याला, आणि दोघांनी मान डोलावली. तपासले, ठीक आहे. असला गाढवपणा जगात आम्ही दोघंच करू शकतो.

मी गठ्ठा पिशवीत कोंबला. अर्ध्या दिवसाची रजा लिहिली. स्वल्पविराम जिन्यापर्यंत आला. मी त्याला पत्रिका दिली आणि म्हटलं, “वाच. माणसासारखा वाच.” त्याने वाचली. कपाळावर एक आठी आली आणि गेली. म्हणाला, “माझं नाव जरा बारीकच आहे.”

“चेष्टा करू नकोस.”

“करत नाही. मला एवढं सांग, केला होतास का त्याग?”

“म्हणजे काय?”

“म्हणजे खरं असलं तर राहू दे. खोटं असलं तर दुरुस्त करायला पाहिजे. आपण दुसरं काय करतो?” मग जरा थांबून, “आणि उशिरा का होईना म्हणजे काय? मी तर वेळेवर आलो होतो.”

त्याच्यावरही मला राग आला. तो वाचणारा होता. त्याच्या तोंडातून ते शब्द गेले होते, जिभेला काहीतरी लागायला नको? मी जिना उतरले.

दवाखाना पंधरा मिनिटांवर आहे, चालत. भाऊ दातांचा डॉक्टर. फुटपाथ उखडून ठेवला होता, फळ्यांवरून जावं लागत होतं, आणि प्रत्येक फळीवर मी एकेक वाक्य रचत होते. आमच्या येथे. आमच्या म्हणजे कुणाच्या? माझं लग्न ठरलं आहे. कुणी ठरवलं? आम्ही उभयतां आपणांस. उभयतां म्हणजे मी आणि स्वल्पविराम, पण लोकांना वाटणार, कोणाचे तरी आईबाप आहोत आणि मुलाचं नाव घालायचं राहिलं. पत्रिकेच्या भाषेत लग्न करणाऱ्या माणसाला तोंडच नसतं. कोणीतरी दुसरं बोलावतं, कौतुक करतं, आशीर्वाद मागतं आणि आपण खाली गप्प बसायचं, सजून. पंचविशीच्या पोरीला ते चालत असेल. माझे गुडघे दुखतात. मला चष्म्याचे दोन नंबर आहेत. सिग्नलपाशी उभी राहून मी मनातल्या मनात एक पत्रक लिहिलं, आमच्या पद्धतीचं:

*घटक: बहीण, एक. उपयोग: भाऊ मोठा करणे. मात्रा: गरजेनुसार, रोज. साठवण: घरातच, इतरांच्या नजरेआड. दुष्परिणाम: आढळून आलेले नाहीत, कारण कोणी विचारले नाही. मुदत संपल्यावर समारंभपूर्वक विल्हेवाट लावावी.*

हसू आलं. पण राग तसाच होता, उलट हसण्याने त्याला वारा मिळाला.

कारण मी हसत नव्हते. मी सत्तावीस वर्षांची होते आणि बाबांच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून बसले होते. बाबांचा उजवा हात पडला होता, जीभ जड झाली होती. जमीन मोजणीच्या कचेरीतल्या एका माणसाच्या घरून माझ्यासाठी पत्र आलं होतं. त्याला मी दोनदा भेटले होते. दुसऱ्या भेटीत त्याने सांगितलं होतं की त्याने नवीन खोली घेतली आहे आणि कुलपाची दुसरी किल्ली करून घेतली आहे, आणि एवढं बोलून तो बराच वेळ बुटांच्या नाड्यांकडे बघत बसला होता. पत्राला उत्तर द्यायचं होतं. बाबा म्हणाले, “तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे.” आणि ते सांगत गेले, मी लिहीत गेले. *आमच्या कन्येचा तूर्त विवाहाचा विचार नाही. घरातील परिस्थिती पाहता धाकट्या भावाची जबाबदारी तिने स्वेच्छेने स्वीकारली आहे.* तिने. ती म्हणजे मी, आणि लिहिणारी पण मी. मी खाडाखोड न करता लिहिलं. ओळी सरळ आल्या. पूर्ण पत्रात मी एकच प्रश्न विचारला. विचारलं, “बाबा, सध्या लिहू की तूर्त?” बाबांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, “तूर्त.” तूर्त लिहिलं. पाकीट चिकटवलं. जिभेला डिंकाची चव किती वेळ होती ते मला आठवतं, पण स्वेच्छेने लिहिताना काय वाटलं ते आठवत नाही. त्याला मी आजवर बधिरपणा म्हणत आले. आता वाटतं, मी तेव्हाच या नोकरीला लागले होते.

आणि त्यानंतरची बावीस वर्षं काही मी देवी होऊन बसले नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. मी भावाला छळलं. त्याच्या प्रत्येक चिठ्ठीत लाल पेनाने दुरुस्त्या केल्या. त्याच्या लग्नात मी इतकी राबले की भावजय पहिले सहा महिने मला घाबरत होती, आणि मला ते आवडत होतं. घरात कुठलीही गोष्ट माझ्याशिवाय अडली की मला बरं वाटायचं. हा त्याग असेल तर सावकारीला काय म्हणायचं? पण ते माझं आहे, माझं मी बघून घेईन. मोतिया कागदावर छापून, कृतज्ञतेचा मुलामा देऊन ते लोकांच्या हातात ठेवायचा अधिकार छोट्याला, माझ्या भावाला, कोणी दिला? मीच दिला. सही करून.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या दिसलं ते असं: काउंटरवर टूथपेस्टच्या नमुन्यांच्या शेजारी प्लास्टिकचा ट्रे आणि त्यात पत्रिका, उभ्या लावलेल्या, जसं काही जाताना एक एक घेऊन जा. मदतनीस बाई उठून उभी राहिली. “ताई, मी तर रडले वाचून. सरांना म्हटलं, अशी बहीण मिळायला भाग्य लागतं.” बाकावर गालाला रुमाल लावून बसलेल्या आजीबाईंनी रुमालाआडून हुंकार भरला. मी ट्रे उचलला, पिशवीत रिकामा केला आणि आतलं दार ढकललं.

छोट्या वाकलेला होता. छोट्या म्हणजे अडतीस वर्षांचा, पोट सुटलेला, डोक्यावर दिवा लावलेला. खुर्चीत एक जाडे गृहस्थ आडवे, तोंड उघडं, गालात कापूस.

“छोट्या, हे कोणी लिहिलं?”

“ताई? अगं बस ना बाहेर, दहा मिनिटं.”

“कोणी लिहिलं?”

“आम्ही दोघांनी. सुरुवात तिची, ते हसतमुखाने वगैरे माझं.” मास्कमागे तो हसला, हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळलं. “आवडलं ना?”

“तुला कसं माहीत मी हसत होते?”

“ताई, पेशंट आहे.”

“असू देत. त्यांना बोलता येत नाही, तेवढंच बरं आहे. सांग.”

गृहस्थांनी डोळे एकदा माझ्याकडे आणि एकदा छोट्याकडे फिरवले. छोट्याने हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. “मग तू तपासलंस ते काय? तुझी सही आहे त्याच्यावर. मी जपून ठेवलाय तो कागद.”

“मी अक्षरं तपासली.”

“अगं अक्षरांतच असतं ना सगळं.”

मी आणखी चिडले. “काढून घे सगळ्या.”

“ऐंशी गेल्यात वाटून. यांनापण दिली.” त्याने गृहस्थांकडे बोट केलं. गृहस्थांनी ‘आं’ केलं. “ताई, तुला बरं वाटावं म्हणून केलं. लोकांना कळावं, तू काय केलंस आमच्यासाठी.”

“मला बरं वाटावं म्हणून नाही. तुला बरं वाटावं म्हणून. एकदा छापून टाकलं, की फिटलं.”

“असं कसं बोलतेस.”

“मी नकाराचं पत्र लिहिलं होतं, छोट्या. माझ्याच नकाराचं. बाबांनी सांगितलं, मी लिहिलं, माझ्या हाताने.”

“कुठलं पत्र?”

“तेच.”

“मला काही माहीत नाही. बाबा म्हणायचे, ताईच्या मनातच नाही लग्न.”

“मला विचारलंस?”

“मी सोळा वर्षांचा होतो.”

“मग सव्वीसचा झालास. मग छत्तीसचा झालास.”

छोट्याने लाळ ओढणारी नळी बंद केली. मग अगदी हळू म्हणाला, “मी दुसऱ्या छापतो. एकदम साध्या. तारीख, वेळ, पत्ता. उद्या देतो आणून.” आणि मला लख्ख दिसलं की हीही एक भेटच असणार. पुन्हा तोच देणार, मी घेणार, आणि ही मोतिया कागदावरची ऐंशी माणसं आयुष्यभर माझ्याकडे त्या गोदामातल्या बाईंसारखी बघणार. चुकीचं पत्रक बाजारात गेलं तर आम्ही ते हवेत विरलं असं धरून चालत नाही. मागोमाग शुद्धिपत्र पाठवतो, तितक्याच लोकांना, तितक्याच ठळक अक्षरात.

“तू काही छापू नकोस,” मी म्हटलं. “तू तुझा दात भर.”

मी त्याच्या टेबलाशी बसले. औषधं लिहून द्यायचं पॅड ओढलं. मागे ड्रिल सुरू झालं, ते बारीक किंचाळणं, आणि त्या आवाजात लिहायला मला सोपं गेलं. पहिल्या कागदावर मी सगळं ओकले. बाबा, जीभ, किल्ली, आणि आईच्या मायेने वगैरे काही नाही, मला तो पोरगा कित्येक दिवस बघवत नव्हता. तो कागद फाडला, कारण ते त्याच्याविषयी झालं होतं. दुसऱ्यावर मी इतकी समजूतदार झाले की ते पुन्हा पत्रिकेसारखं वाजायला लागलं. तोही फाडला. तिसरा:

*शुद्धिपत्र. सोबतच्या पत्रिकेतील मजकूर माझ्या भावाचा असून त्याच्या बाजूने खरा आहे. माझ्या बाजूने दुरुस्ती अशी: मी त्याग केला नाही. मी सत्तावीस वर्षांची असताना मला आलेल्या मागणीला वडिलांनी नकार कळवला आणि ते पत्र मी स्वतः लिहिले. तेव्हा मी हसत नव्हते. आता मी लग्न करते आहे, माझ्यासोबत काम करणाऱ्या माणसाशी, आम्हा दोघांना हवे म्हणून. त्याचे नाव पत्रिकेत बारीक आहे, ते मोठे समजावे. तारीख, वेळ आणि जागा बरोबर आहेत. यावेसे वाटले तर या.*

ड्रिल थांबलं. गृहस्थ चूळ भरत होते. छोट्या माझ्या मागे येऊन उभा राहिला, हातमोजे तसेच, मास्क हनुवटीखाली, आणि वाचू लागला. मी वाट बघत होते, तो काय म्हणेल. लोक काय म्हणतील, म्हणेल. बाबांचं नाव कशाला, म्हणेल. मी दोन्हींची उत्तरं तयार ठेवली होती, तिखट. त्याने दोनदा वाचलं असावं.

“हे काढ,” तो म्हणाला.

“काय?”

“‘त्याच्या बाजूने खरा आहे.’ हे काढ.”

मी मान वळवली. तो माझ्याकडे बघत नव्हता, पॅडकडे बघत होता.

“त्या दिवशी तू बाबांच्या खोलीतून आलीस,” तो म्हणाला. “मला वाढलंस आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिलीस. बसली नाहीस. तुझ्या बोटांना शाई होती. मला माहीत होतं, त्या लोकांचं पत्र आलेलं. मी विचारणार होतो. मग मी भात मागितला. मग पुन्हा मागितला. म्हटलं, मी जेवत राहिलो तर विचारायला नको.” त्याने नाक ओढलं. “विचारलं असतं तर तू काहीतरी सांगितलं असतंस. मग मला शिकायला जाता आलं नसतं.”

खुर्चीतल्या गृहस्थांनी कापूस पकडून ठेवला होता, थुंकायचं विसरून.

मला वाटलं होतं, हे असं कोणी बोलून दाखवलं की राग उतरतो. उतरला नाही. इतकी वर्षं मी एका न कळणाऱ्या पोरावर रागावले होते, म्हणजे अर्ध्याच रागाने. आता समोर जो उभा होता त्याला सगळं कळत होतं आणि त्याने दोनदा भात मागून घेतला होता. राग पहिल्यांदा पुरा झाला. भरलेला, जागच्या जागी बसलेला. आणि चमत्कारिक म्हणजे, हा माणूस मला त्या लाडक्या भावापेक्षा जास्त ओळखीचा वाटला.

“मी नाही खोडणार,” मी म्हटलं. “तू खोड.”

मी पेन पुढे केलं. त्याने हातमोजा काढला, पेन घेतलं, वाकला. दिवसाला वीस दातांवर स्थिर राहणारा हात, त्याला ते चार शब्द एका रेघेत खोडता आले नाहीत. रेघ वर गेली, खाली आली, पुढच्या ओळीतल्या ‘त्याग’वरून पण गेली. त्याने पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

“चालेल,” मी म्हटलं. “आता ऐंशी पत्ते काढ. तू सांग, मी लिहिते.”

“तू नको,” तो म्हणाला. त्याने स्टूल ओढलं आणि माझ्या हाताखालचं पॅड स्वतःकडे घेतलं. “तू सांग.”